‘हॅपी फेस’ ही मालिका पाहिली. खुन्याच्या घरच्यांना खरंच काही माहीत नसतं का? मालिका कितपत खरी आहे?

नसतं. निदान तुम्ही समजता तसं तरी नसतं.

हे मी कुठं वाचून सांगत नाही. माझे वडील खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून आले. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याकडं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या घरचा माणूस गेला तेही अजून तिथंच राहतात. वडिलांबरोबर माझ्या आईलाही आरोपी केलं होतं. त्यामुळं ‘घरच्यांना माहीत नव्हतं का’ हा प्रश्न मी पोलिसांच्या तोंडून ऐकलाय, शाळेतल्या बाईंच्या तोंडून ऐकलाय, मला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलाय आणि सगळ्यात वाईट म्हणजे सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलाय. तुम्ही सहज विचारलं असेल, मला सहज उत्तर देता येत नाही.

आधी मालिकेचं उरकते. लेकीनं लावून दिली म्हणून आठही भाग पाहिले. मूळ माणूस खरा आहे. कीथ जेस्परसन, अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर. 1990 ते 1995 या काळात त्यानं किमान आठ बायका मारल्या. कबुलीच्या पत्रांवर हसरा चेहरा काढायचा, त्यावरून ते नाव पडलं. मेलिसा मूर ही त्याची थोरली मुलगी, बाप पकडला गेला तेव्हा शाळेत जाणारी पोर. तिनं पुढं पुस्तक लिहिलं, 2018 मध्ये पॉडकास्ट केला आणि त्यावरून 2025 मध्ये ही मालिका आली. अ‍ॅनाली अ‍ॅशफर्ड मुलगी झालीय आणि डेनिस क्वेड बाप. इथपर्यंत खरं. टेक्सासच्या तुरुंगात फाशीची वाट बघणारा निरपराध माणूस आणि त्याला सोडवायला धावणारी मेलिसा, हे रचलेलं आहे. पण ते अगदीच हवेतून आलेलं नाही. जेस्परसनच्या पहिल्या खुनात भलतीच दोन माणसं आत गेली होती. एका बाईनं खोटी कबुली देऊन स्वतःला आणि आपल्या साथीदाराला त्यात अडकवलं. 1995 च्या अखेरीस, म्हणजे खरा खुनी सापडल्यावर, ती दोघं सुटली.

डेनिस क्वेडचं काम बघण्यासारखं आहे. बाप लेकीशी बोलताना किती लाघवी होतो, आणि त्याच लाघवीपणातून तिला कसा ओढत नेतो, ते त्यानं नेमकं धरलंय. ज्यांच्या घरात असा माणूस होता त्यांना ते बघताना घाम फुटेल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं. कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच धारदार होतो, आणि त्याला कारण आहे. 1996 च्या नोव्हेंबरात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, पकडल्या गेल्या. लहान मुलं पळवायची, गर्दीत चोरी करताना आडोसा म्हणून कडेवर घ्यायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. अंजनाबाई खटला उभा राहायच्या आत मेली, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. 2001 मध्ये कोल्हापूरच्या कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारनं लावलेल्या उशिरापायी 2022 च्या जानेवारीत हायकोर्टानं तिची जन्मठेप केली.

आमच्या घरात झालं ते हा खटला चालू असतानाच. तेव्हा गुन्हेगाराचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यायचं ते हेच: आई, लेकी, जावई, अख्खं घर सामील. शाळेत पोरी मला ‘गावित’ म्हणून हाक मारायच्या. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी धाकट्या बहिणीला बसू द्यायचं नाही. पोरींना मी दोष देत नाही, त्या घरात ऐकलेलंच बोलत होत्या. पण मोठ्या माणसांना एवढं कळायला हवं होतं की ज्या घरात सगळे मिळून गुन्हा करतात ते घर वेगळं, आणि ज्या घरात एक जण बाहेर जाऊन गुन्हा करून येतो ते घर वेगळं.

आमच्याकडचं भांडण उसाच्या पाण्याच्या पाळीवरून होतं, भावकीतलंच. तसली भांडणं तालुक्यात कुठं नसतात? थ्री फेज लाईट रात्रीची यायची, मोटर चालू करायला माणूस रात्री मळ्याकडं जायचा, आणि पाळी कुणाची यावरून तिथंच वाजायचं. तो दिवस गावच्या म्हाईचा, म्हणजे जत्रेचा होता. घरटी बकरं पडलेलं, पै-पाहुण्यांनी गाव भरलेलं, चुलीवर तांबडा-पांढरा उकळत होता. सकाळपासून आण्णा, म्हणजे माझे वडील, बकरं सोलण्यात होते. नुसतं आमचं नाही, शेजारच्या दोन घरचंही. पाहुणे जेवून गेले, अंधार पडल्यावर आण्णा मळ्याकडं गेले आणि तासाभरानं परत आले. मी जागी होते. त्यांनी दारातल्या रांजणातून पाणी घेऊन हातपाय धुतले, उभ्यानंच तांब्याभर पाणी प्याले, "वासरू आत बांधलं काय?" एवढंच विचारलं, शर्ट काढून धुण्यात टाकला आणि झोपले. आवाज नेहमीचा, चालणं नेहमीचं. नंतर कितीतरी वेळा मी ते आठवून पाहिलंय, त्यात पकडायला काही सापडत नाही.

सकाळी आई परड्यातल्या दगडावर धुणं घेऊन बसली. म्हाईच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक बाईपुढं तसलाच ढीग असतो. आण्णांचा पांढरा शर्ट होता. रक्ताचा कपडा कुठलीही बाई थंड पाण्यात घालते, गरम पाण्यानं डाग बसतो हे आपल्याला आयांनी शिकवलेलं असतं. आईनं तेच केलं. खालून दुसऱ्या काजाजवळ एक डाग राहिला होता, त्यावर तिनं आदल्या दिवशीच्या जेवणातली लिंबाची फोड घासली. शर्ट पिळला आणि पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या दोरीवर, वाळत घातला. तासाभरानं मळ्यातलं प्रेत सापडल्याची आरोळी आली. दुपारी पोलिसांनी तो शर्ट दोरीवरून काढून नेला तेव्हा तो अजून दमट होता. पंचनाम्यात लिंबाची साल सुद्धा लिहिली. प्रयोगशाळेचा अहवाल आला त्यात त्या शर्टावर माणसाचं रक्त निघालं.

त्या शर्टापायी आईवर तेव्हाच्या दंड संहितेचं 201 कलम लागलं. पुरावा नष्ट करणं. तिला अटक झाली, मामानं सातबारा जामिनाला दिला तेव्हा सुटली. मी आणि दादा तेवढे दिवस आजोळी होतो. खटल्यात सरकारी वकिलांचा सगळा भर थंड पाण्यावर आणि लिंबावर. डाग कसा घालवायचा हे बाईला ठाऊक होतं, म्हणजे डाग कशाचा आहे हेही ठाऊक होतं, असं ते म्हणत होते. आमच्या वकिलांनी सरकार पक्षाचीच साक्षीदार असलेल्या शेजारणीला एक प्रश्न विचारला, त्या सकाळी तुम्ही काय धुतलंत? ती म्हणाली, "आमच्या घरातल्या गड्यांची रक्ताची कापडं." कशानं धुतली? "थंड पाण्यानं. आन् लिंबू लावलं." ही बाई आमच्या बाजूची नव्हती. तिचा नवरा तर आण्णांच्या विरोधातला साक्षीदार. तरी विचारलं ते तिनं खरं सांगितलं.

आई निर्दोष सुटली, आण्णांना जन्मठेप लागली. दोन्ही निकाल योग्य होते असंच मी मानते. 201 मध्ये नुसतं कृत्य पुरत नव्हतं. गुन्हा घडलाय हे माहीत असावं लागायचं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागायचं. म्हाईच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या शर्टावर रक्त दिसणं हे सबळ कारण होत नाही, एवढं साधं होतं ते. कायद्यातली एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती मी कधी विसरले नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या (2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय) 212 कलमात, गुन्हेगाराला आसरा देण्याच्या गुन्ह्यातून, नवरा-बायकोला वगळलेलं होतं. म्हणजे बायको दारात आलेल्या नवऱ्याला घरात घेणारच, हे कायद्यानं मान्य केलं होतं. मुलांना मात्र ती सवलत नव्हती. आणि 201 मध्ये तर बायकोलाही नव्हती.

मग आम्हाला काय माहीत होतं? राग माहीत होता. आण्णांनी एकदा पाणक्या गड्याला इतकं मारलं होतं की आईनं मध्ये पडून त्याला सोडवला. बैलाचा आसूड आई रात्री धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवायची. मेलिसानंही सांगितलंय की लहानपणी बापानं मांजराची पिल्लं मारलेली तिनं पाहिली होती. आता बाहेरचा माणूस मागं वळून बघतो आणि म्हणतो, बघा, लक्षणं दिसत होती. दिसत होतीच की. पण रागीट बाप गावात दहा घरांत होते. त्यातल्या नऊ जणांनी खून केला नाही. मांजराच्या पिल्लांवरून आठ खून कुणी ओळखायचे? आणि हेच आण्णा मला सायकलच्या नळीवर बसवून रंकाळ्याला न्यायचे, माझ्या वह्यांना कव्हरं घालायचे. दोन्ही खरं आहे. मालिकेचं मला सगळ्यात पटलेलं हेच, की तिनं बापाचं प्रेम खोटं ठरवलं नाही.

न पटलेलं असं, की मालिकेतल्या मेलिसाला फेड करायची संधी मिळते. एक निरपराध माणूस सोडवायचा आणि बापाचं ओझं थोडं उतरवायचं. खऱ्या घरांना असला तोडगा मिळत नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालायचं होतं, आणि तिथं आई रांगेत उभी राहिली की रांग पुढं-मागं सरकायची. सोसायटीचं कर्ज फेडायचं होतं. बापाच्या नावाचा रकाना भरायचा होता. आई असले प्रसंग कुणाला न सांगता गिळत गेली, आणि त्यावर आठ भागांची मालिका कुणी काढणार नाही, कारण त्यात कुणी धावत नाही. मी तिला एक प्रसंग दाखवला, तुरुंगातल्या भेटीचा. तिला काही इंग्रजी कळत नाही, मी सांगत होते. तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीच्या आईनं काय केलं?" खऱ्या आयुष्यात ती बाई 1990 मध्येच त्या नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि तीन मुलं तिनं वाढवली. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग तिचंच दावायला पायजे हुतं." मलाही तसंच वाटतं.

कळंब्याच्या जेलमध्ये आई मुलाखतीला जायची, मला घेऊन. तेव्हा मध्ये जाळी असायची आणि दोन्ही बाजूंनी सगळेच ओरडायचे, निम्मं ऐकूच यायचं नाही. आता कैद्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम करतात, मूल बापाच्या मांडीवर बसू शकतं. चांगलं केलं. आमच्याच भागात, आटपाडीजवळ, औंध संस्थानानं 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसवलं, तिथं कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. आपल्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला तो त्याच प्रयोगावरून. कैद्याला घर असतं आणि त्या घरालाही शिक्षा होते, हे औंधच्या राजाला तेव्हा सुचलं होतं. मराठीत मालिका काढायचीच तर स्वतंत्रपूरच्या बायकांवर काढा. विषय डोळ्यांसमोर आहे.

दादाला आईचं हे मुलाखतीला जाणं कधीच सहन झालं नाही. त्याचं म्हणणं, तिला सगळं माहीत होतं, म्हणून ती जात राहिली. तो पिंपरीला कंपनीत लागला, तिकडंच घर केलं, आणि सासरी वडील वारले असं सांगून लग्न केलं, वडील जेलमध्ये जिवंत असताना. त्याच्या मुलांना आजही काही माहीत नाही. आण्णा संचित रजेवर घरी आले की तो गावाकडं फिरकायचा नाही. हे सगळं मी समजू शकते, ज्याला दूर जायचंय त्यानं जावं. बापाला माफ करायला त्याला कुणी सांगितलेलं नाही, मीही पूर्ण माफ केलेलं नाही. पण स्वतःला दूर जाता यावं म्हणून आईला गुन्हेगार ठरवायचं, हे मला मान्य नाही. बापावरचा राग बापावर काढायला धीर लागतो. आई समोर असते, गप्प असते, तिच्यावर काढणं सोपं.

आई मुलाखतीला का जायची ते मला माहीत आहे, कारण मी शेजारी उभी असायचे. जमिनीच्या कागदावर सह्या लागायच्या, सोसायटीचं काम असायचं. आणि एक प्रश्न होता. एका मुलाखतीत गर्दी कमी होती, तेव्हा तिनं तो विचारला. "शर्ट माझ्याफुडं टाकलासा, तवा तोंड का उघडलं न्हाईसा?" आण्णा खाली बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. मग शिपाई वेळ संपली म्हणाला. खुनाबद्दल तिनं त्यांना काय विचारलं, काय सुनावलं ते मी इथं लिहिणार नाही, पण सगळं माहीत असलेली बाई हा प्रश्न विचारत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. माझ्या घरावरून सगळ्या घरांचा निवाडा करू नका. काही घरांना खरोखर माहीत असतं आणि ती गप्प बसतात. काही बायका मार खाऊन गप्प बसतात, त्यांचं गप्प बसणं पुन्हा वेगळं. आणि काही घरं पैशासाठी, जमिनीसाठी सामीलच असतात. कोर्टानं दोषी धरलंय तिथं मी वकिली करत नाहीये.

दुसरी गोष्ट मोठी आहे, खरं तर आधीच लिहायला हवी होती. आमचं काहीही झालं तरी आमचा माणूस जिवंत होता. ज्यांचा गेला त्या घराच्या दुःखाशी आमची बरोबरी नाही. मालिकेतही हे कमी पडलंय. जेस्परसननं मारलेल्या बायकांपैकी एकीची ओळख 2022 मध्ये पटली, आणखी एकीची 2023 मध्ये. तीस वर्षं त्यांच्या घरच्यांना आपलं माणूस कुठं गेलं हेच माहीत नव्हतं. ‘घरच्यांना माहीत नव्हतं’ म्हणायचं तर त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यावर एखादा पूर्ण भाग करता आला असता.

तर मालिका बघा. पहिले काही भाग नीट बघा, बाप-लेकीचे प्रसंग आणि नात आजोबाकडं ओढली जाते ते विशेष. तपासाची धावपळ कंटाळा आला तर पुढं ढकला. आणि तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर त्या बाईला हा प्रश्न विचारू नका. ती पोलिसांना उत्तर देऊन आलेली असते. तिच्या पोरांना तुमच्या पोरांबरोबर खेळू द्या, डेअरीच्या रांगेत तिच्या मागं उभे राहा, लग्नकार्याचं बोलावणं द्या. आमच्या गावात हे एकाच घरानं केलं, त्या साक्ष दिलेल्या शेजारणीनं. तिच्या नातवाच्या बारशाला आईला हळदीकुंकू मिळालं.

दादा, तू हे वाचशील असं वाटतं, तुझ्या धाकट्याला या साइटची सवय आहे. कोर्टाच्या निकालाची नक्कल मी काढून आणलीय. आईच्या सुटकेचा परिच्छेद दीड पानांचा आहे, त्यात शर्ट आहे, लिंबू आहे, रस्त्याकडची दोरी आहे. लपवायचं असलेली बाई शर्ट रस्त्याला दिसेल असा वाळत घालत नाही, हे न्यायाधीशांनी लिहिलंय. तुला पोस्टानं पाठवतेय, घरी नको असेल तर कंपनीच्या पत्त्यावर. वाच आणि मग आईला फोन कर. ती माझ्याकडंच आहे.